गोठवलेला मानवी मेंदू आणि सिंगल-सेल: कोणती पद्धत घ्यावी?

निशिगंध

मंडळी नमस्कार. प्रश्न थोडा धंद्याचा आहे, पण इथे जीवशास्त्रवाले, डॉक्टर आणि संख्याशास्त्रवाले अशा तिन्ही जमाती नांदतात, म्हणून इथेच विचारते.

आमच्या गटाला एका मेंदूपेढीकडून प्रौढ माणसांच्या फ्रंटल कॉर्टेक्सचे तुकडे मिळायची शक्यता आहे. सगळे मृत्यूनंतर काढलेले, उणे ८० अंशांवर गोठवलेले. काही निरोगी, काही अल्झायमरचे. एकेका पेशीतला आरएनए वेगळा वाचून (म्हणजे सिंगल-सेल) कुठल्या पेशीत कोणती जनुकं चालू-बंद आहेत ते बघायचंय. चर्चेत चार पर्याय आहेत: टेनएक्स कंपनीची थेंबवाली तीन-प्राइम पद्धत (आरएनएचं एक टोक वाचणारी), प्लेटवरचं स्मार्ट-सीक, पार्स कंपनीचं स्प्लिट-पूल आणि टेनएक्सचंच प्रोबवालं फ्लेक्स. सरांना जास्तीत जास्त पेशी हव्यात. माझी सहकारी म्हणते, पेशी कमी चालतील, पण पेशीमागे जनुकं जास्त दिसली पाहिजेत. पैसे एकाच पद्धतीपुरते. दोन मीटिंगा याच वादात गेल्या.

कोपऱ्यातला_बाक

वाचतोय. यातलं ओ की ठो कळत नाही, पण भांडण रंगणार असं दिसतंय.

दगडफूल

निशिगंध, चारही पर्याय बाजूला ठेवून आधी फ्रीझरकडे बघा. निम्मा निर्णय त्यानेच घेऊन टाकलाय.

उणे ८० वर गोठलेल्या मेंदूतून अख्खी पेशी मिळत नाही. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशीचं पटल फाडतात आणि वितळताना आतला माल बाहेर सांडतो. केंद्रक त्यामानाने टणक, ते टिकतं. त्यामुळे नाव सिंगल-सेलचं असलं तरी मृत्यूनंतरच्या मानवी मेंदूवरचं बहुतेक काम सिंगल-न्यूक्लियसचं आहे. ताजा तुकडा हाती आला तरी प्रौढ मेंदूतले न्यूरॉन सुटे करणं कठीणच. त्यांचे फाटे एकमेकांत इतके गुंतलेले असतात की एन्झाइम घालून सोडवताना मोठे न्यूरॉन आधी मरतात, आणि उरलेल्या पेशींच्या मोजणीत ग्लियाचा (न्यूरॉन सोडून मेंदूतल्या मदतनीस पेशींचा) टक्का उगाच फुगतो.

थोडा इतिहास. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने (पहिलं नाव दारमानिस) शस्त्रक्रियेत निघालेला टेम्पोरल लोबचा भाग आणि गर्भाच्या मेंदूचा भाग वापरून ४६६ पेशी वाचल्या. त्या खऱ्याखुऱ्या पेशी होत्या. २०१६ मध्ये लेक आणि मंडळींनी मृत्यूनंतरच्या एकाच मेंदूच्या सहा भागांतून ३,२२७ केंद्रकं वाचून न्यूरॉनचे १६ उपप्रकार दाखवले, आणि गोठवलेला मेंदू चालतो हे सिद्ध झालं. २०१९ मध्ये सिअ‍ॅटलच्या अ‍ॅलन इन्स्टिट्यूटचा पेपर आला: मिडल टेम्पोरल जायरस (टेम्पोरल लोबची एक घडी), १५,९२८ केंद्रकं, ७५ प्रकार. हे सगळं स्मार्ट-सीक घराण्यातल्या पद्धतींनी. पुढे २०२३ च्या ऑक्टोबरात २१ पेपरांचा जो गठ्ठा निघाला, त्यात स्टॉकहोमच्या सिलेट्टी-लिनारसन गटाचा टेनएक्सवर केलेला नकाशा आहे: ३० लाखांहून जास्त केंद्रकं, मेंदूचे शंभरेक भाग, ४६१ क्लस्टर (सारख्या पेशींचे गट) आणि त्याखाली ३,३१३ उपक्लस्टर.

आता गंमत बघा. त्या ३० लाखांमागे माणसं किती? तीन. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सदाफुली

अडाणी शंका: माणूस गेल्यावर काही तासांनी मेंदू काढतात ना? तोवर आरएनए शिल्लक असतो? आरएनए फार नाजूक असं बारावीत घोकलं होतं.

शल्यकर्मी

अजिबात अडाणी नाही, पहिला प्रश्न हाच असायला हवा. आरएनए वाटतं त्याहून चिवट असतो. पेढ्या तीन गोष्टी नोंदवतात: मृत्यूपासून गोठवण्यापर्यंतचा वेळ, ऊतीचा पीएच आणि आरएनएच्या अखंडतेचा आकडा, ज्याला आरआयएन म्हणतात. बऱ्याचदा वेळेपेक्षा पीएच जास्त बोलतो. रुग्ण आठवडाभर व्हेंटिलेटरवर असेल, ताप असेल, ऑक्सिजन कमी पडत असेल, तर मेंदू आम्ल होतो. मग शव तासाभरात मिळालं तरी आरएनए यथातथाच.

शिवाय सगळ्या पेशी एका चालीने मरत नाहीत. शिकागोत एक साधा प्रयोग झाला. शस्त्रक्रियेत निघालेले मेंदूचे ताजे तुकडे खोलीच्या तापमानाला २४ तासांपर्यंत तसेच ठेवले आणि टप्प्याटप्प्याने तपासले. न्यूरॉनच्या क्रियाशीलतेशी निगडित जनुकं काही तासांत ढासळली आणि ग्लियाची जनुकं उलट वाढत गेली. म्हणजे निरोगी गटाचे मेंदू ४ तासांत मिळालेले आणि अल्झायमर गटाचे २० तासांत, असं असेल तर तुम्ही आजार मोजताय की शवागाराची दिरंगाई, हे सांगता येणार नाही.

निशिगंध, नमुने निवडताना पेढीकडून हे रकाने मागून घ्या आणि दोन्ही गट आधी त्यावर जुळवा.

निशिगंध

मागितलेत. काहींच्या पीएचचा रकाना रिकामा आहे.

दगडफूल, केंद्रकात आरएनए कमी असणार ना? मग जनुकं कमी दिसणार. सहकारी नेमकं तेच म्हणते.

दगडफूल

कमी दिसतात, पण रडावं इतकी नाहीत. अ‍ॅलनवाल्यांनी २०१८ मध्ये उंदराच्या दृष्टी-कॉर्टेक्सवर सरळ सामना लावला होता. ४६३ केंद्रकं विरुद्ध तशाच प्रकारच्या ४६३ पेशी, दोन्हीकडे खोलवर वाचन. पेशीत साधारण ११,००० जनुकं दिसली, केंद्रकात ७,०००. तरीही जवळजवळचे प्रकार वेगळे ओळखायला केंद्रक पुरलं. अट एकच, इंट्रॉन (आरएनएतून पुढे कापून टाकले जाणारे तुकडे) धरून मोजायचं. केंद्रकातला बराच आरएनए अजून कापून जोडलेला नसतो, त्यामुळे निम्म्याहून जास्त वाचनं इंट्रॉनमध्ये पडतात. ती टाकून दिलीत तर हातातलं अर्धं धन टाकलंत. टेनएक्सचं मोजणीचं सॉफ्टवेअर सेल रेंजर सातव्या आवृत्तीपासून इंट्रॉन आपोआप मोजतं. जुन्या फाइली वापरत असाल तर कुठल्या आवृत्तीने मोजल्यात ते बघा. एकाच विश्लेषणात दोन्ही मिसळून ठेवलेली मी पाहिली आहेत.

आता चारही पर्याय.

स्मार्ट-सीक: एका खोबणीत एक केंद्रक, जनुकाच्या आरएनएची पूर्ण लांबी वाचता येते. स्प्लायसिंगचे प्रकार (एकाच जनुकाच्या आरएनएची वेगवेगळी जोडणी) बघायचे असतील किंवा दुर्मीळ, आकाराने चमत्कारिक न्यूरॉनचा पाठलाग करायचा असेल तर आजही याला तोड नाही. रोझहिप नावाचा कॉर्टेक्सच्या पहिल्या थरातला अवरोधक (इतर न्यूरॉनना थोपवणारा) न्यूरॉन २०१८ मध्ये असाच पकडला गेला. हंगेरीतल्या सेगेडच्या गटाने तो आकार आणि विद्युतवर्तनावरून ओळखला, अ‍ॅलनने केंद्रकांच्या आरएनएवरून, आणि दोघांचं जुळलं. पॅच-सीकही याच घराण्यातलं: जिवंत स्लाइसमध्ये न्यूरॉनला पिपेट लावून आधी त्याचं विद्युतवर्तन नोंदवायचं, मग त्याच पिपेटमधून केंद्रक ओढून घ्यायचं. पण ४० माणसांच्या रोग-विरुद्ध-निरोगी तुलनेला स्मार्ट-सीक घेणं म्हणजे पैशांचा चुराडा. मूळ स्मार्ट-सीक२ मध्ये रेणू मोजायचा यूएमआय टॅगही नाही, तो तिसऱ्या आवृत्तीत आला.

टेनएक्स तीन-प्राइम: तेलातल्या थेंबात एक केंद्रक आणि एक मणी. मण्यावर केंद्रक ओळखायचा १६ अक्षरांचा बारकोड आणि १२ अक्षरांचा यूएमआय. केंद्रकामागे जनुकं स्मार्ट-सीकपेक्षा कमी, पण चिपच्या एका लेनमध्ये हजारो केंद्रकं. मोठे नकाशे बहुतेक यावरच झाले, त्यामुळे तुमचा डेटा त्यांच्यावर ठेवून बघणं सोपं. तोटा म्हणजे लोभ. जास्त केंद्रकं भरली की एका थेंबात दोन शिरतात. जुन्या चिपवर दर हजारी साधारण ०.८ टक्के जोड्या, म्हणजे १०,००० काढलीत तर ८ टक्के. नव्या चिपवर प्रमाण निम्मं.

स्प्लिट-पूल: थेंब नाही, यंत्र नाही. केंद्रकं फिक्स करायची (रसायनाने आहेत तशी पक्की), ९६ खोबण्यांत वाटायची, बारकोड लावायचा, सगळी एकत्र करून पुन्हा वाटायची. तीन फेऱ्यांत ९६ चा घन म्हणजे ८ लाख ८४ हजार ७३६ जोडण्या. पहिल्या फेरीत कुठल्या खोबणीत कोणाचा नमुना गेला हे माहीत असल्याने बरीच माणसं एकाच प्रयोगात बसतात. आज फिक्स करून ठेवा, महिन्याने चालवा, हेही जमतं. तुमच्याकडे नमुने तुकड्यातुकड्याने येणार असतील तर ही बाजू फार मोठी. पण मेंदूची केंद्रकं दर फेरीच्या धुलाईत गळत जातात, तेव्हा सुरुवातीला भरपूर हवीत.

फ्लेक्स: ठरावीक १८ हजारांच्या आसपास जनुकांच्या आरएनएला आधीच बनवलेले प्रोब (जुळणारे डीएनएचे छोटे तुकडे) चिकटवायचे. फॉर्मालिन-पॅराफिनमधल्या ठोकळ्यांवरही चालतं, तुटक्या आरएनएवर बरं चालतं. मात्र प्रोब ज्याला नाही ते दिसणारच नाही, आणि नवे स्प्लायस प्रकार तर विसराच.

कोपऱ्यातला_बाक

+१. निम्मं डोक्यावरून गेलं, पण वाचायला मजा आली.

शल्यकर्मी

शस्त्रक्रियेतल्या ताज्या तुकड्याबद्दल लोकांचे फार गोड गैरसमज असतात. "जिवंत निरोगी मेंदू" म्हणून जो मिळतो तो कुठून येतो? औषधांना न जुमानणाऱ्या अपस्माराच्या रुग्णाचा टेम्पोरल लोब, किंवा खोलवरच्या गाठीकडे जाताना वाटेत आलेला कॉर्टेक्स. रुग्ण वर्षानुवर्षं अपस्माराच्या गोळ्यांवर, वर भुलीची औषधं. आणि भाग ठरलेले. ब्रेनस्टेम, थॅलॅमस यांचा निरोगी तुकडा शस्त्रक्रियेतून कोणी देणार नाही, देऊही नये. त्यामुळे गोठवलेला मेंदू हा नाइलाज नाही, बहुतेक प्रश्नांसाठी तोच खरा स्रोत.

मायक्रो_माधुरी

शल्यकर्मींशी बऱ्यापैकी सहमत, पण मायक्रोग्लियाच्या (मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींच्या) बाबतीत मी भांडणार.

२०२० मध्ये बेल्जियमच्या थ्रुप आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांच्या शस्त्रक्रियेतल्या ऊतीवर, एकाच माणसाच्या पेशी आणि केंद्रकं शेजारी ठेवून पाहिली. केंद्रकात साधारण एक टक्का जनुकांचा आरएनए कमी पडतो. ऐकायला किरकोळ. पण त्या एका टक्क्यात मायक्रोग्लिया चेतवल्यावर वाढणारी जनुकं दाटीने बसलीत: एपीओई, एसपीपी१, सीडी७४, सीएसटी३. म्हणजे अल्झायमरमध्ये जी बघायला तुम्ही निघालात नेमकी तीच. निशिगंध, तुमच्या डेटात मायक्रोग्लिया "शांत" दिसल्या तर त्यावरून निष्कर्ष काढू नका.

उलट बाजूही सांगते. ताज्या ऊतीतून ३७ अंशांवर एन्झाइमने पेशी सोडवल्या की मायक्रोग्लिया त्या धक्क्यानेच चेततात. मार्श आणि मंडळींनी २०२२ मध्ये हे नीट दाखवलं आणि सोडवतानाच लिप्यंतरण-भाषांतर रोखणारी औषधं घालायचा उपाय दिला. म्हणजे केंद्रक घेतलं तर खरी चेतना दिसत नाही, पेशी घेतली तर खोटी दिसते.

सदाफुली

मग विश्वास कशावर ठेवायचा?

मायक्रो_माधुरी

मायक्रोग्लियासाठी? त्याच पेढीतल्या शेजारच्या छेदावर प्रथिनाचं स्टेनिंग किंवा मर्फिशसारखी, ऊतीत जागेवरच आरएनए मोजणारी पद्धत. चार-पाच जनुकं तपासली तरी पुरे.

दगडफूल

माधुरीताईंचा मुद्दा मान्य. पण मला विचाराल तर गोठवलेल्या मेंदूत निकाल चार पद्धतींपैकी कुठली यापेक्षा केंद्रकं किती स्वच्छ काढली यावर जास्त ठरतो. आणि याबद्दल पेपरात एक ओळ असते.

प्रत्यक्षात असं चालतं. कोरड्या बर्फावर थंड केलेल्या पात्याने तुकडा कापायचा, पांढरा भाग जमेल तितका बाजूला ठेवून. पांढऱ्या भागात मायलिन (न्यूरॉनच्या तंतूंवरचं चरबीचं वेष्टन) असतं आणि मायलिन हा या कामाचा शत्रू. मग बर्फात रुतवलेल्या काचेच्या डाउन्समध्ये (दांड्याने ऊती घोटायची नळी) डिटर्जंटवाल्या बफरमध्ये आधी सैल दांडा, मग घट्ट. दांडा ओढताना बुडबुडे येऊ द्यायचे नाहीत. किती वेळा फिरवायचं हे प्रोटोकॉलात लिहिलेलं असतं, पण तेवढ्यावर विसंबू नका, मधेच एक थेंब काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. चांगलं केंद्रक गोल, कडा स्वच्छ, कात्रीने कापल्यासारखी. कडेला फुगे दिसायला लागले किंवा धाग्यासारखा चिकट डीएनए लोंबायला लागला की डिटर्जंट जास्त झालं, थांबा. मग ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळणं, आणि आयोडिक्सॅनॉल या जड द्रवाच्या थरावर सेंट्रिफ्यूज किंवा सॉर्टर (केंद्रकं एकेक करून निवडणारं यंत्र). सॉर्टरवर न्यूएन प्रतिपिंड (न्यूरॉनच्या केंद्रकातल्या प्रथिनाला चिकटणारं) लावलं की न्यूरॉन आणि बाकीचे वेगळे होतात, प्रमाण तुम्ही ठरवता. सिलेट्टीच्या नकाशात न्यूरॉन मुद्दाम ९० टक्के घेतलेत. हे माहीत नसेल तर त्या डेटावरून "मेंदूत ग्लिया फारच कमी" असा शोध लागायचा!

सॉर्टरचा दुसरा फायदा, सांडलेला आरएनए धुतला जातो.

कोपऱ्यातला_बाक

सांडलेला म्हणजे? थेंबात केंद्रक असेल तर त्याचाच आरएनए वाचला जाणार ना?

दगडफूल

तिथेच मेख आहे. पेशी फुटल्या तेव्हा बाहेर पडलेला आरएनए सगळ्या द्रावणात पसरलेला असतो आणि तो प्रत्येक थेंबात शिरतो. मिसळीचा रस्सा कुठल्याही वाटीत घ्या, चव तीच. रश्श्यावरून वाटीतली उसळ ओळखायला गेलात तर फसणार. मेंदूत हा रस्सा मुख्यतः न्यूरॉनचा असतो, कारण न्यूरॉन मोठे आणि आरएनएने भरलेले. मग ऑलिगोडेंड्रोसाइटमध्ये (मायलिन बनवणाऱ्या ग्लियात) न्यूरॉनची जनुकं दिसतात आणि कोणीतरी "नवा प्रकार सापडला" म्हणून नाव देतं. २०२२ मध्ये टेक्ससच्या कोनोप्का गटाने दाखवलं की "अपरिपक्व ऑलिगोडेंड्रोसाइट" म्हणून नोंदवलेला एक प्रकार अशा माखलेल्या ग्लिया केंद्रकांचाच होता. हा रस्सा वजा करणारं सेलबेंडर किंवा सूपएक्स सॉफ्टवेअर चालवा, पण त्याआधी रिकाम्या थेंबांत काय आहे ते स्वतः उघडून बघा. स्प्लिट-पूलमध्ये वारंवार धुलाई होते म्हणून हा त्रास कमी असतो, पण नसतोच असं नाही.

आकडेमोड

इतका वेळ गप्प होतो. दगडफूल यांनी वर "तीन माणसं" लक्षात ठेवा म्हटलं होतं, ते धरून बोलतो.

नकाशा काढायचा असेल तर तीन माणसं चालतात. कुठले प्रकार अस्तित्वात आहेत एवढाच प्रश्न असतो. रोगाची तुलना करायची असेल तर तुमचा एन, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या, म्हणजे माणसं. केंद्रकं नव्हेत. एका माणसाची ५,००० केंद्रकं ही ५,००० स्वतंत्र निरीक्षणं नाहीत. त्यांचं वय एक, जनुकं एक, मरण एक, फ्रीझर एक.

उदाहरण याच क्षेत्रातलं. २०१९ चा मॅथिस आणि सहकाऱ्यांचा अल्झायमरवरचा पेपर, ४८ माणसं, ८०,६६० केंद्रकं, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. त्या काळात फार मोठं काम, आणि डेटा वापरू दिला म्हणून सगळ्यांनी ऋणी असावं असं. २०२३ मध्ये लंडनच्या मर्फी, फॅन्सी आणि स्कीन यांनी तोच डेटा पुन्हा गाळला आणि केंद्रकं सुटी न धरता माणसागणिक बेरीज करून, ज्याला स्यूडोबल्क म्हणतात, तुलना केली. बदललेल्या जनुकांची यादी ५४९ पटींनी आक्रसली. गाळणी किती कडक असावी यावर वाद घालता येईल, पण केंद्रक म्हणजे एन हे चालत नाही यावर आता फारसं दुमत नाही.

तेव्हा सरांना आणि सहकारीबाईंना, दोघांनाही नम्रपणे सांगा: पेशीही वाढवू नका, जनुकंही वाढवू नका, माणसं वाढवा. माणशी काही हजार स्वच्छ केंद्रकं मुख्य प्रकारांना पुरतात. सिअ‍ॅटलच्या अल्झायमर नकाशात ८४ दाते आहेत. त्यात सोमॅटोस्टॅटिनवाले अवरोधक न्यूरॉन आजाराच्या बऱ्याच आधीच्या टप्प्यात घटतात असं दिसलं. माणसं रोगाच्या चढत्या क्रमाने लावली म्हणूनच ते दिसलं.

निशिगंध

आकडेमोड, हे वाक्य मी छापून लॅबच्या फ्रीजवर लावणार आहे. पण भारतात ८४ दाते आणायचे कुठून?

शल्यकर्मी

हे खरं दुखणं. बंगळुरूच्या निम्हान्सची मेंदूपेढी १९९५ पासून आहे, पण नेत्रदान जसं घराघरांत पोचलंय तसं मेंदूदान पोचलेलं नाही. घरच्यांशी ती गोष्ट काढायची वेळच अशी असते की डॉक्टरची जीभ रेटत नाही. आयआयटी मद्रासच्या गटाने २०२४ मध्ये पाच गर्भांच्या मेंदूंचे ५,१३२ छेद धरणी नावाने सगळ्यांना खुले केले, तो मोठा पल्ला आहे. पण ते ऊतीचं चित्रण, जनुकवाचन नाही. मोठे सिंगल-न्यूक्लियस नकाशे अमेरिका-युरोपातल्या दात्यांवर उभे आहेत. तुमच्याकडे बारा-पंधरा मेंदू जमले तरी ते त्यामुळे मोलाचे.

सदाफुली

मेंदूदानावर वेगळा धागा काढा ना शल्यकर्मी. सासऱ्यांनी विचारलं होतं, आम्हाला उत्तर देता आलं नाही.

शल्यकर्मी

काढतो. या आठवड्यात नाही, पण काढतो.

निशिगंध

तर सध्या ठरतंय ते असं: स्मार्ट-सीक बाद. टेनएक्स तीन-प्राइम की फ्लेक्स यावर अडलंय. प्रोब असल्याने फ्लेक्स तुटक्या आरएनएला बरं, आणि पीएचचे ते रिकामे रकाने बघून मला तिकडे जावंसं वाटतंय. स्प्लिट-पूलसाठी आमच्याकडे तेवढी ऊती नाही, तुकडा जेमतेम ५० मिलिग्रॅमचा. दाते वाढवायचे तर एका लेनमध्ये चार-पाच दाते मिसळावे लागतील. दोन्हीत जमेल?

आकडेमोड

जमेल, पण ओळखायची रीत वेगळी. तीन-प्राइममध्ये वाचन आरएनएचंच असतं, त्यामुळे दात्याच्या डीएनएतले एकाक्षरी फरक त्यात दिसतात. प्रत्येक दात्याचं जीनोटायपिंग (त्या फरकांची नोंद) आधी करून ठेवा, मग डेमक्सलेट नावाचं सॉफ्टवेअर कुठलं केंद्रक कोणाचं ते सांगतं. जीनोटाइप नसेल तर सूपोरसेल गट तरी पाडून देतं. वर दोन वेगळ्या दात्यांची जोडी एका थेंबात आली तर तीही फुकटात पकडली जाते. फ्लेक्समध्ये तुम्ही जे वाचता तो प्रोबचा क्रम, दात्याचा नव्हे, म्हणून ही युक्ती तिथे लागू नाही. तिथे नमुन्यागणिक वेगळ्या बारकोडचे प्रोब लावून मगच मिसळायचं.

आणि कुठलंही घ्या, प्रत्येक लेनमध्ये निरोगी आणि अल्झायमर दोन्ही घाला. सोमवारी सगळे निरोगी आणि गुरुवारी सगळे आजारी असं केलंत तर नंतर माझ्याकडे येऊ नका.

दगडफूल

सहमत. पीएच नसलेल्या नमुन्यांचा आरआयएन आत्ताच काढून घ्या, २०-३० मिलिग्रॅममध्ये होतं. चांगले निघाले तर तीन-प्राइम घ्या, जुन्या नकाशांशी जुळवणं सोपं जाईल आणि इंट्रॉनही मिळतील. फार पडलेले निघाले तरच फ्लेक्स.

निशिगंध

५० मधले २०-३० आरआयएनला गेले तर उरलं काय? पेढीला विचारते, त्याच गोलार्धातला शेजारचा तुकडा निव्वळ आरआयएनसाठी देतील का. उत्तर आलं की इथेच लिहीन.